छातीपासून अंगठ्यापर्यंत

(दृश्य : रुग्णालयाचा व्हरांडा, सकाळ. उघड्या पाठींची रांग.)

चंगदू. चीनच्या सिच्वान प्रांताची राजधानी. जुलै महिना, अंगाची नुसती काहिली होतेय. आणि ही सगळी माणसं आलीत हिवाळ्यातल्या खोकल्यावर, दम्यावर औषध घ्यायला.

हिवाळ्याचं दुखणं उन्हाळ्यात काढावं, असं इथे म्हणतात. जुलैच्या मध्यापासूनचे वर्षातले सर्वांत तापलेले तीस-चाळीस दिवस म्हणजे 'सान-फू'. तेव्हा शरीरात ऊब भरलेली असते, रंध्रं मोकळी असतात. फुप्फुसाच्या मार्गात दबा धरून बसलेली थंडी बाहेर काढायची ती याच दिवसांत. मार्ग म्हणजे चिनी वैद्यकाच्या मते शरीरातली प्राणशक्ती वाहते ती वाट.

(दृश्य : संग्रहालय. काचेआड छोटी मूर्ती.)

हा मार्ग कसा, ते ही मूर्ती दाखवते. लाखेचा लेप दिलेली, जेमतेम १४ सेंटिमीटर उंच. चंगदूत मेट्रोचं काम निघालं, त्यासाठी २०१२ मध्ये उत्खनन सुरू झालं, आणि हान राजघराण्याच्या काळातल्या एका थडग्यात ही सापडली. दोन हजार वर्षांपूर्वीची. अंगभर लाल-पांढऱ्या रेषा, रेषांवर ठिपके. जरा जवळून बघा. इवल्याशा अक्षरांत अवयवांची नावं कोरलीत. त्यात 'फुप्फुस' आहे.

(दृश्य : वैद्यांचं बोट रुग्णाच्या दंडावरून खाली सरकतं.)

फुप्फुसाचा मार्ग पोटाच्या मध्यभागी सुरू होतो. खाली मोठ्या आतड्याला भेटतो, मागे वळतो, फुप्फुसात शिरतो आणि गळ्याच्या हाडाखाली त्वचेशी येतो. तिथून दंड, कोपराची घडी, मनगट, आणि अंगठ्याच्या नखाचा कोपरा. वाटेत ११ बिंदू, उपचाराच्या जागा. पहाटे ३ ते ५ ही याची वेळ मानतात. दम्याच्या माणसाला ही वेळ वेगळी सांगावी लागत नाही.

चिनी वैद्यकातल्या पाच तत्त्वांपैकी फुप्फुस धातूचं, म्हणजे लोखंड-सोन्यासारख्या धातूचं. धातूची आई पृथ्वी, लेकरू पाणी. फुप्फुस अशक्त असेल तर आईला बळ द्यायचं, म्हणजे मनगटावरचा पृथ्वीचा बिंदू. जोर जास्त झाला असेल तर लेकराकडे वाट काढून द्यायची, म्हणजे कोपरातला पाण्याचा बिंदू. तोल राखायचा तो असा, नात्यागोत्यातून.

(दृश्य : मनगटावर तीन बोटं. बराच वेळ शांतता.)

नाडीसुद्धा याच मार्गावर बघतात. आपले वैद्यही तीन बोटं ठेवतात. ते वात, पित्त, कफ शोधतात. इथे प्रत्येक बोटाखाली वेगळा अवयव. उजव्या मनगटावर पहिल्या बोटाखाली फुप्फुस.

(दृश्य : खल, पिवळसर भुकटी, आल्याचा रस.)

आता लेप. पांढरी मोहरी आणि आणखी तीन-चार वनस्पतींची पूड, ताज्या आल्याच्या रसात मळलेली. फार सैल नको, फार घट्टही नको. नाण्याएवढी चकती थापायची, चिकटपट्टीवर ठेवायची.

लावायची कुठे? पाठीच्या तिसऱ्या मणक्यापासून दीड 'त्सुन' बाजूला, दोन्हीकडे. हा फुप्फुसाचा पाठीवरचा बिंदू. त्सुन म्हणजे अंगठ्याची रुंदी, पण अंगठा रुग्णाचा. आयुर्वेदात स्वतःच्या अंगुळांनी देह मोजतात, तसंच. म्हणून या पोराच्या पाठीवर माप छोटं आणि शेजारच्या आजोबांच्या पाठीवर मोठं. कारखान्यातली कुठली पट्टी हे काम करणार?

मोहरीनं कातडी भाजते, फोड येतात. मिश्रणातल्या एका वनस्पतीच्या कुळात मूत्रपिंडाला घातक द्रव्य सापडतं. शवविच्छेदनात हा मार्ग दिसत नाही. आणि दम्याचा पंप बंद करायचा नसतो.

(दृश्य : आजी नातवाचा सदरा अलगद खाली ओढते.)

लहान मुलांचा लेप लवकर काढतात, मोठ्यांचा काही तास राहतो. दहा दिवसांनी पुन्हा, त्यानंतर आणखी दहा दिवसांनी. असे सलग तीन उन्हाळे.

या मुलाचा हा दुसरा.

(दृश्य : रांग पुढे सरकते. पंख्याचा आवाज.)