रंगाचा शेजार

[दृश्य: सकाळची मंडई. भाजीच्या राशी, फुलांच्या टोपल्या.]

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सकाळी लवकर गेलं की भाजी लावणं चालू असतं. टोमॅटोच्या राशीला खेटून कोथिंबिरीच्या जुड्या. गाजरांशेजारी मुळा. अबोलीचे गजरे केळीच्या ओल्या पानावर. उन्हाळ्यात कलिंगडाच्या गाडीवर लाल कापड ताणलेलं दिसतं, त्यातून झिरपणाऱ्या उन्हात कापलेली फोड आणखी लाल होते. कोणता रंग कोणाशेजारी उठून दिसतो, हे या माणसांना पक्कं ठाऊक आहे.

मी कापडावर काम करते. सूत रंगवते, विणते, गोधड्या शिवते. तुला रंग सुचतात कुठून, असं लोक विचारतात. मी इथे येते ती शेजार बघायला. एकटा रंग मला फारसं काही सांगत नाही.

[दृश्य: काळ्या लोकरीची लड, आधी निळ्या आणि मग पांढऱ्या कापडावर.]

पॅरिसमध्ये गोब्लँ हा भिंतीवरचे चित्रविणीचे पडदे विणणारा जुना कारखाना आहे. मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख झाले. विणकरांची एक तक्रार होती: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना काळी लोकर हवी तेवढी काळी दिसत नाही. शेव्रल यांनी ठिकठिकाणची काळी लोकर मागवून ताडून पाहिली. गोब्लँच्या काळ्यात काही खोट नव्हती. बिघडवत होते ते बाजूचे निळे-जांभळे धागे. त्या शोधातून रंगांच्या परस्पर परिणामावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ साली आला आणि पुढे चित्रकारांनीही तो अभ्यासला. रंगाचा एवढा मोठा नियम मागावरच्या तक्रारीतून निघाला, याचा मला फार अभिमान वाटतो.

[दृश्य: अगदी जवळून, वांग्याचं देठ. बोटं देठाची टोपी अलगद उचलतात.]

हे वांगं बघा. वरून जांभळं, जवळजवळ काळं. देठाची हिरवी टोपी जरा उचला. खाली सालीला ऊन लागलेलं नसतं, म्हणून तिथे जांभळा चढतच नाही. फिका, पांढुरका पट्टा राहतो, आणि त्याच्या कडेने जांभळा हळूहळू गडद होत जातो. बोटभर जागेत एका रंगाचा सगळा प्रवास. त्यावर टोपीचा धुरकट हिरवा. साडीचा काठ असा चढवता आला तर आणखी काय हवं!

अशा वेळी मी फोटोवर विसंबत नाही, फोनचा पडदा रंग आपल्या मनाने बदलतो. पिशवीत पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात आणि सुताच्या लहान गुंड्या. जे दिसतं ते तिथेच पट्टीवर धाग्याने गुंडाळून घ्यायचं, ज्याचं जेवढं प्रमाण तेवढे वेढे. जांभळ्याचे भरपूर, पांढुरक्याचे अगदी थोडे, हिरव्याचे त्याहून थोडे जास्त. माझ्या मते सगळी गंमत या प्रमाणात आहे. हेच तीन रंग सारखे सारखे घेतले तर शाळेच्या गणवेशाचं कापड होईल.

[दृश्य: गच्चीवर दोन पातेली. पाण्यात डाळिंबाच्या साली.]

रंगाच्या पातेल्यातही शेजाराचंच चालतं. डाळिंबाच्या साली आपण फेकून देतो. त्या वाळवून उकळल्या की सुती कापडाला छान रंग देतात, कारण सालीत तुरटपणा असतो आणि तो सुताला धरून राहतो. त्यात तुरटी मिसळली की पिवळा खुलतो. त्याच काढ्यात लोखंडाचं पाणी पडलं, की कापड काळपट हिरवं, राखी होत जातं. साल तीच, सूत तेच, फक्त सोबतीचा धातू वेगळा: एकीकडे तुरटीतलं ॲल्युमिनियम, दुसरीकडे लोखंड. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की काळं पडतं, ही तर छपाई करणाऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची युक्ती. हळदीचा पिवळा मात्र उन्हात टिकत नाही. तरी मी हळद वापरते, त्या ताज्या पिवळ्यासारखं दुसरं काही नाही.

[दृश्य: येवला. मागावर पैठणी.]

येवल्याला पैठणीच्या मागाजवळ उभं राहून डोकं थोडं हलवून बघा. ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा; बाणा, म्हणजे आडवे, दुसऱ्या. धागे रंगासारखे एकमेकांत कालवले जात नाहीत, लाल लालच राहतो आणि हिरवा हिरवा. मिसळतात ते बघणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून घडी पडली की एक रंग वर येतो, उलगडली की दुसरा. ही धूपछाव. पदरावरचा मोर विणताना विणकर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या ताण्यातून फिरवतो आणि जिथे रंग संपतो तिथे शेजारच्या धाग्यात अडकवून घेतो. म्हणून पदर उलटा धरला तरी मोर तसाच दिसतो.

[दृश्य: अंगणात पसरलेली गोधडी. तीन-चार बायका कडेने बसून टाके घालतात.]

मला सर्वांत जास्त शिकवलं ते गोधडीने. इथे रंग निवडायची मुभा नसते. घरात जुनं जे असेल ते: लुगडं, सदरा, धोतर, परकर. खाली अखंड लुगडं, मध्ये कपड्यांचे थर, वर ठिगळं, आणि कडेपासून आत येत जाणारा धावदोरा. ज्यांच्याकडे मी शिवायला शिकले त्या मावशी ठिगळ हातात घेऊन आधी बाजूला ठेवून बघायच्या, मग दोन हात लांब सरकून बघायच्या. म्हणायच्या, "हा राणी रंग असा उघडा नको गं टाकूस. चंद्रकळेची पट्टी लाव कडेला, मग बघ कसा बसतो." काळ्या चंद्रकळेची बोटभर पट्टी लागायची, आणि भांडणारे दोन रंग गुण्यागोविंदाने नांदायला लागायचे. वरून पांढरा दोरा सगळ्या ठिगळांवरून जातो. तो प्रत्येक रंगात थोडा थोडा मिसळतो आणि सगळ्यांना जरासं एका सुरात आणतो.

आता सुती लुगडी घरात उरली नाहीत. गोधड्यांमध्ये पॉलिस्टरच्या साड्या येतात: भडक पोपटी, चमकता जांभळा, नारिंगी फुलं. धुऊन धुऊन त्यांचा रंग जुन्या सुतासारखा मवाळ होत नाही. जुन्या गोधड्या जमवणारे त्याकडे पाहून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. बाई रोज जी साडी नेसून शेतावर जाते, बसला उभी राहते, बाजार करते, तीच साडी गोधडीत येणार. आजच्या गावाचा रंग हाच आहे, तर त्याला शेजार शोधणं हे माझं काम.

सध्या मी तेच करते आहे. शेजारपाजारच्या बायकांनी दिलेल्या पॉलिस्टरच्या साड्या फाडून पट्ट्या केल्यात. त्यांच्या मध्ये डाळिंबाच्या सालीत आणि लोखंडात रंगवलेलं राखी सूत बसवून पाहते आहे. पोपटीला हा राखी मानवला आहे. नारिंगी अजून ऐकत नाही, त्याला बहुतेक काळाच लागेल.