सपाट वाट, उतरती नदी

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेच्या ईशान्येला ब्लॅकस्टोन नावाची नदी आहे, आणि तिच्या काठानं सायकलची वाट. वूस्टर ते प्रॉव्हिडन्स या दोन शहरांमधल्या ७४ किलोमीटरच्या प्रवासात ती सुमारे १३३ मीटर उतरते. म्हणजे किलोमीटरला जेमतेम पावणेदोन मीटर. सायकलवाल्याला हा उतार कळतही नाही, पण गिरणीवाल्यांनी त्यावरच सगळा संसार मांडला. सेकंदाला एक घनमीटर पाणी तीन मीटर खाली पडलं, की जवळपास २९ किलोवॅट शक्ती मिळते. चाकात नि दात्यांत काही वाया जाते, तरी सूत कातणाऱ्या चात्या फिरवायला पुष्कळ उरते.

हे पाणी पकडायचं कसं? आधी बंधारा घालायचा, मग काठानं जवळजवळ सपाट पाट खोदायचा. शेजारी नदी उतरत जाते, पाट वरच राहतो. दोघांच्या उंचीतलं अंतर पुरेसं वाढलं, की तिथे गिरणी. याच नदीवरच्या पॉटकेट गावात सॅम्युएल स्लेटर या गिरणीवाल्यानं १७९० साली पाण्याच्या जोरावर सूत काढलं. १७९३ ची त्याची लाकडी गिरणी अजून उभी आहे. त्याचे पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुलं होती. तिथली सुबक खिडकी पाहताना एवढं ध्यानात असू द्या.

माल न्यायला १८२८ मध्ये नदीच्या सोबतीनं कालवा सुरू झाला. काठावरून घोडे नावा ओढत. पण थंडीत पाणी गोठे, उन्हाळ्यात आटे. शिवाय लॉक, म्हणजे नावा वर-खाली करायचा दोन दारांमधला हौद, वापरला की दर खेपेला हौदभर पाणी खाली जाई, आणि त्याच पाण्यावर गिरण्यांचा डोळा! १८४७ मध्ये रेल्वे आली, १८४८ मध्ये कालवा बंद.

ऱ्होड आयलंड राज्यातली आजची सायकलची डांबरी वाट बरीचशी या घोडेवाटेवरून आणि रेल्वेच्या जुन्या भरावावरून जाते. घोड्याला काय नि इंजिनाला काय, चढ नकोच होता. म्हणून गिअर फारसे बदलावे लागत नाहीत. मात्र वूस्टरपर्यंत वाट सलग नाही, मधे रहदारीचे रस्ते लागतात. पानगळीत ओल्या पानांवर ब्रेक जोरात दाबला तर चाक सरकतं. वेग वळणाआधीच कमी करा. पायी चालणाऱ्यांना मागून ओलांडताना घंटी आधी वाजवा, अगदी जवळ गेल्यावर नको.

लिंकन गावातल्या केली हाउस या जुन्या घरापाशी उतरा. एका बाजूला कालव्याचं संथ पाणी, दुसऱ्या बाजूला खाली वाहती नदी, आणि पलीकडे ॲश्टनची विटांची गिरणी. तिथे आता लोक राहतात.