भोंगा, पोदेर आणि आमचा सरपंच

नमस्कार, श्रोतेहो. आजचं बोलणं परसात बदकं पाळणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे बदकं नाहीत त्यांनीही ऐकावं, कारण शेजाऱ्यांची बदकं तुमच्या छत्रीला घाबरून तुमच्याच तुळशीत शिरतात.

बदक कशाकशाला घाबरतं ते मोजायला बसलं तर रात्र होईल. केरसुणीला घाबरतं. पाण्याच्या पायपाला घाबरतं, तो लांबडा असतो आणि सरपटतो म्हणून. निळ्या बादलीला घाबरतं, कारण कालपर्यंत तिथे लाल होती. आपण म्हणतो, काय मूर्ख पक्षी! मूर्ख नव्हे हो. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न वळवता त्याला मागचं-पुढचं, वरचंसुद्धा जवळजवळ सगळं दिसतं. डोक्यावर एकदम काळं काही पसरलं तर त्याच्या लेखी ती घार, मग ती तुमची पावसाळी छत्री का असेना. झोपतानाही कळपाच्या कडेचं बदक एक डोळा उघडा ठेवतं, आणि त्याबरोबर अर्धा मेंदूही जागा राहतो. ज्याच्यावर मुंगसाचा डोळा, कोल्ह्याचा डोळा, आणि नाताळ जवळ आला की आपलाही डोळा, त्यानं घाबरायचं नाही तर कुणी?

भीती काढायची रीत एका ओळीची आहे. लांबून, हळू, आणि खाऊ देऊन. पुन्हा सांगते. लांबून, हळू, आणि खाऊ देऊन. पण त्याच्याही आधी एक काम असतं, आणि ते मी केलं नाही. त्याचीच आता गोष्ट.

आमच्याकडे चार बदकं. तीन माद्या, एक नर. नराचं नाव सरपंच. शेपटीवर वर वळलेलं पीस, छाती पुढे, आणि आवाज मात्र बसलेला. बदकांत गळा काढतात त्या माद्या, नर नुसता घोगरं पुटपुटतो. म्हणून सरपंच. फेब्रुवारीत पिल्लं आणली, मे महिन्यापर्यंत पोफळींच्या बागेत, आमच्या कुळागरात, मजेत हिंडत होती. आणि जूनमध्ये एका सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला, पों पों, आणि चारही बदकं पोफळींमधून जी सुटली ती थेट व्हाळात, म्हणजे ओढ्यात. दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळच्या फेरीला पुन्हा तेच. अंडी बंद झाली. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मी म्हटलं, दृष्ट कसली, भोंगा आहे तो.

इथे जाता जाता एक सांगते. पूर्वी पोदेर पायी यायचा, हातात घुंगुर लावलेली बांबूची काठी, छुम छुम करत. मग सायकल आली, रबरी भोंगा आला. आता कुणाकुणाकडे स्कूटर आलीये. आणि उंडो, म्हणजे त्याचा गोल पाव, दर वर्षी लहान होतोय, हे माझं म्हणणं घरात कुणाला पटत नाही. पटो न पटो, माझ्या तळहाताला कळतं. असो.

तर भोंगा. मला वाटलं, एकदा नीट समोरासमोर भेट घडवली की भीती मोडेल. म्हणून सरपंचाला कडेवर घेतलं आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिले. पोदेर आला, पों झालं, आणि सरपंचानं माझ्या दंडावर नखांनी जे काही लिहिलं ते अजून वाचता येतं. त्यानंतर आठ दिवस ती चौघंही भोंग्याला तर घाबरलीच, मलाही घाबरली. घाबरलेल्या जनावराला धरून त्या वस्तूपुढे नेऊ नका. पळायची वाट मोकळी ठेवा. पळायची वाट मोकळी असेल तरच ते थांबून बघायचं धाडस करतं.

मग शहाणपण सुचलं. पोदेराकडून त्याचा जुना भोंगा मागून आणला. त्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला, म्हणजे आवाज दबका. मी विहिरीपाशी उभी राहून एकदा वाजवायचे, आणि तिकडे बदकांजवळ माझी जाऊ पाण्याच्या टोपात मटार टाकायची. आधी भोंगा, मग मटार. हा क्रम उलटा करू नका हं, नाहीतर मटार दिसले की आता काहीतरी वाजणार म्हणून ती मटारालाच घाबरतील. मान ताठ, पिसं अंगाला चिकटलेली, आवाज बंद, म्हणजे बदक घाबरलंय. अशा वेळी चार पावलं मागे जायचं. शेपूट हलवून पाण्यात चोच मारू लागलं की झालं, उद्या दोन पावलं पुढे. पंधरा दिवसांत बोळा निघाला, विहिरीपासून मी तुळशीपर्यंत आले. शेवटी तर भोंगा वाजला की चौघंही धावत यायची. मी घरात सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी खरा पोदेर आला. पों पों! चौघंही फाटकाकडे धावली, पुढे सरपंच, पंख पसरून. फाटकापर्यंत गेली. थबकली. आणि जशी गेली तशीच उलटी फिरून व्हाळात. संध्याकाळी तेच. भोंगा वाजला की धावत फाटकाशी, आणि तिथून धावत व्हाळाशी. चार दिवस ही परेड चालली.

सोप्यावर बसून सासूबाई रोज बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अगो, भोंगा ऐकून तर ती येतात. बघून पळतात. ह्यालाच घाबरतात ती, भोंग्याला नव्हे.’’

पोदेराला हे लागलं. ‘‘म्हाका?’’ म्हणाला. सायकल रस्त्यावर उभी करून भर पावसात एकटा चालत फाटकात आला. बदकं ढिम्म. मग सायकल घेऊन आला. पळाली. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग पाटीवर पावसासाठी टाकलेलं निळं प्लास्टिक ओढून काढलं, घडी करून काखेत मारलं, आणि पुन्हा आला. सरपंच त्याच्या चपलेला चोच लावून उभा! ‘‘बाये,’’ पोदेर म्हणाला, ‘‘हीं भोंग्याक भियेनात. हीं प्लास्टिकाक भियेतात.’’

वाऱ्यावर फडफडणारं निळं प्लास्टिक! जूनमध्ये पाऊस लागला, पोदेरानं पाटी झाकली, आणि त्याच दिवसापासून बदकं पळू लागली. तारीख समोर होती आणि मी दीड महिना भोंगा वाजवत बसले. म्हणून मघाशी म्हटलं, आधी एक काम असतं. नक्की कशाला घाबरतात ते शोधा. एकेक वस्तू वेगळी करून बघा. माणूस वेगळा, आवाज वेगळा, रंग वेगळा, हालचाल वेगळी. तेवढ्यात भिजलेले बारा उंडे आम्हालाच विकत घ्यावे लागले, आणि ते बदकांना घालायचीही सोय नाही. पाव बदकांना चांगला नव्हे, पोट भरतं पण अंगी काही लागत नाही.

पुढचं सोपं होतं. प्लास्टिकचा रुमालाएवढा तुकडा अंगणाच्या टोकाला दगडाखाली ठेवून दिला, तीन दिवस कुणी हात लावला नाही. मग मटारचा टोप रोज थोडा त्याच्या जवळ. मग तुकडा मोठा. मग दोरीवर टांगून फडफडायला मोकळा, तेव्हा पुन्हा टोप लांब न्यावा लागला. लांबून, हळू, आणि खाऊ देऊन. गणपतीच्या चवथीपर्यंत जमलं.

आणखी दोन-तीन गोष्टी, वेळ संपत आलीये. बदक एकटं ठेवू नका. एकट्या बदकाची भीती कुठल्याच मटारानं जात नाही. उचलायचंच असेल तर पाय किंवा पंख धरून नको, पंख अंगाशी दाबून दोन्ही हातांनी. आणि जे बदक कोपऱ्यात बसून राहतं, खाणं सोडतं, ते घाबरलेलं नसून आजारी असू शकतं. त्याला गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता दिवाळी आलीये. फटाक्यांची सवय लावायच्या भानगडीत पडू नका, तो आवाज लहान करून वाजवता येत नाही. नरकासुराचा पुतळा नाचवून जाळतात त्या रात्री अंधार पडायच्या आत बदकं खुराड्यात घ्या, आत मंद दिवा ठेवा, कारण मिट्ट काळोखात दचकली की भिंतीवर आपटतात. नरकासुर जाळावा, जरूर जाळावा. पण पहाटे चारपर्यंत पेटीएवढाले स्पीकर लावून त्याला का नाचवावं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आमच्या चौघांचं म्हणाल, तर गेल्या आठवड्यात पाऊस गेला. पोदेरानं निळं प्लास्टिक काढून पाटीवर पांढरं कापड घातलं. भोंगा वाजला, सरपंच पंख पसरून फाटकाशी गेला, कापडाकडे एका डोळ्यानं बघितलं, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, आणि चौघंही व्हाळात. जाऊबाईंनी मटार भिजत घातलेत. नमस्कार.