हवेतल्या हाताचं वाद्य

(दृश्य: ओट्याच्या कडेला वाळत घातलेले रबरी हातमोजे. मागे नळाच्या पाण्याचा आवाज.)

भांडी घासताना घालतात ते हे हातमोजे. लेटिशिया सोनामी या संगीतकार बाईंनी १९९१ साली अशाच मोज्यांचं एक वाद्य केलं, ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात होणाऱ्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवासाठी. सोनामी मूळच्या फ्रान्सच्या, कर्मभूमी कॅलिफोर्निया. पॉल डिमॅरिनिस या कलाकाराच्या साथीनं त्यांनी बोटांच्या टोकांवर पाच सेन्सर चिकटवले आणि उजव्या हातावर एक चुंबक बसवला. बोट चुंबकाजवळ गेलं की विजेचा दाब बदलायचा. त्या बदलाचा आकडा व्हायचा. आणि तो आकडा आवाजाला हलवायचा.

वाद्याचं नाव त्यांनी ठेवलं 'लेडीज ग्लव्ह'. व्हर्च्युअल रिअॅलिटीचा, म्हणजे संगणकानं रचलेल्या आभासी जगाचा, तेव्हा नुकताच बोलबाला सुरू झाला होता. तिच्यासाठी लागणारे हातमोजे आणि डोक्यावरची यंत्रं जड होती, थाट सगळा पुरुषी. सोनामींनी त्याला स्वयंपाकघरातून उत्तर दिलं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

(दृश्य: हवेत गिटार वाजवणारा एक हात. आवाज नाही.)

खरं तर त्या जड हातमोज्यांचा जन्मही गाण्याच्या ओढीतूनच झाला होता. अमेरिकेतल्या थॉमस झिमरमन यांना हवेत हात फिरवून गिटार वाजवायची होती. नुसता आविर्भाव नको होता, हात फिरला की खरा आवाज यायला हवा होता. मग त्यांनी मोज्याच्या बोटांवर अशा नळ्या बसवल्या, की नळी सरळ असताना तिच्यातून प्रकाश आरपार जाई आणि वाकली की कमी होई. प्रकाश किती उरला त्यावरून बोट किती वाकलं ते कळे. पुढे झिमरमन आणि जॅरन लॅनियर एकत्र आले. त्यांच्या व्हीपीएल रिसर्च या कंपनीचा 'डेटाग्लव्ह' व्हर्च्युअल रिअॅलिटीची ओळख बनला.

लॅनियर स्वतःही वादक. १९९२ साली शिकागोत सिग्राफ ही संगणकचित्रांची मोठी परिषद भरली होती. तिथे ते डोळ्यांवर हेडसेट चढवून आणि हातात तो मोजा घालून रंगमंचावर आले. त्यांची वाद्यं होती फक्त संगणकानं रचलेल्या जगात. लॅनियरना ती हेडसेटमधून दिसत होती, आणि त्यांना जे दिसतंय ते प्रेक्षकांना मोठ्या पडद्यावर. प्रेक्षक मात्र त्यांना दिसत नव्हते. शेकडो लोकांसमोर डोळे झाकून वाजवायला उभं राहणं म्हणजे काय, हे रंगमंचावर गेलेल्या कुणालाही कळेल.

या सगळ्यांच्या वाटेत एकच खडक आडवा होता.

(दृश्य: हार्मोनियमच्या पट्टीवर एक बोट. मग संगणकाच्या पडद्यावर भराभर बदलणारे आकडे.)

हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर निघतो. कोणता निघेल हे पितळेच्या स्वरपत्तीनं आधीच ठरवलेलं असतं. सेन्सरच्या पोटात असं काही ठरलेलं नसतं. मनगट वळलं की आकडा बदलतो, एवढंच. त्या आकड्यानं सूर चढवायचा, लय वाढवायची की आवाज खरखरीत करायचा, हे कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. समजा, मोज्यातून वीस आकडे येताहेत आणि आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअरला तीस कळा आहेत. कुठला आकडा कुठल्या कळीला जोडायचा? या जोडणीला मॅपिंग म्हणतात. ती एकेक ओळ लिहून केली जायची. बोट इतकं वाकलं तर असं कर, त्याहून जास्त वाकलं तर तसं कर. महिनाभर खपून वाजवायला बसावं, आणि पहिल्या मिनिटात उमगावं की हाताला हे पटत नाहीये. पुन्हा पहिल्यापासून.

हात बोलत नाही, ही खरी अडचण आहे. तबलजीला विचारा, 'तिरकिट' वाजवताना मधलं बोट किती अंशांनी वळतं? त्याला सांगता येणार नाही. तो म्हणेल, थांबा, वाजवून दाखवतो.

दाखवून शिकवण्याची ही वाट यंत्राकडे वळवली रेबेका फिब्रिंक यांनी. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात पीएचडी करताना, २००९ च्या सुमारास, त्यांनी 'वेकिनेटर' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. त्याचा पाया न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात घडलेला 'वेका' हा मशीन लर्निंगचा, म्हणजे उदाहरणांवरून यंत्राला शिकवण्याच्या साधनांचा संच. वेका हा तिकडचा, न उडणारा एक पक्षी. म्हणून वेकिनेटर.

वापरायची रीत अशी. हात एका स्थितीत धरायचा, त्या स्थितीला हवा असलेला आवाज निवडायचा आणि नोंद करायची. मग दुसरी स्थिती, दुसरा आवाज. अशी दहा-वीस उदाहरणं झाली की 'ट्रेन'वर क्लिक करायचं. उदाहरणं इतकी थोडी असतात की शिकणं बहुधा काही सेकंदांत आटोपतं. त्यानंतर हात हलवायचा आणि ऐकायचं. नाही पटलं तर चार उदाहरणं पुसा, दोन नवी द्या, पुन्हा ऐका.

आत काय घडतं? मूठ आणि उघडा पंजा एवढाच फरक ओळखायचा असेल, तर यंत्र नवी स्थिती आधीच्या उदाहरणांशी ताडून पाहतं आणि सगळ्यात जवळच्या उदाहरणाचं उत्तर देतं. पण संगीताला मूठ आणि पंजा यांच्या मधलंही सगळं लागतं. तिथे छोटं न्यूरल नेटवर्क कामाला येतं, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं गणिती जाळं. तुम्ही चार कोपरे दाखवलेत, मधली जमीन ते स्वतः भरतं. आणि त्या मधल्या जमिनीवर कधीकधी असा आवाज सापडतो, जो तुम्ही मागितलेला नव्हता. फिब्रिंक यांनी संगीतकारांबरोबर काम करताना हे जवळून पाहिलं. यंत्र अचूक शिकलं की नाही, एवढ्यावर कलाकार थांबत नव्हते. अनपेक्षित उत्तर कानाला आवडलं तर ते ठेवत होते, रचनेचा बेतच त्या बाजूला वळवत होते. माझ्या मते या साऱ्या प्रकारात यंत्राचा खरा उपयोग इथे आहे. रचनाकाराला स्वतःच्याच हातातलं, पण त्यानं न ऐकलेलं काही ते ऐकवतं.

(दृश्य: पुढचा हात, कोपराच्या खाली बांधलेला पट्टा. मूठ हळूहळू आवळली जाते.)

आता आणखी आत जाऊ, कातडीच्या खाली. स्नायू आखडतो तेव्हा त्यात विजेचा अतिसूक्ष्म दाब तयार होतो. कातडीवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडला तो टिपता येतो. ऑताऊ तानाका या संगीतकारानं १९९१ मध्येच, म्हणजे रबरी मोज्यांच्याच वर्षी, 'बायोम्यूझ' नावाच्या यंत्रावर स्नायूंच्या विजेतून वाजणारी रचना सादर केली होती. हात जागेवरून न हलताही स्नायू ताणलेला असू शकतो. कॅमेऱ्याला हा ताण दिसणार नाही, इलेक्ट्रोडला दिसतो. गाण्यात ताण किती मोलाचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

पुढे कॅनडाच्या थाल्मिक लॅब्ज कंपनीनं 'मायो' नावाचा पट्टा आणला. आठ सेन्सर, वायरलेस, हातात चढवला की झालं. कितीतरी संगीतकारांनी तो घेतला. २०१८ मध्ये कंपनीनं तो बनवणं थांबवलं. वाद्यच बाजारातून गेलं तर त्यासाठी बांधलेली रचना पुढच्या पिढीनं कशावर वाजवायची? या क्षेत्रानं या प्रश्नाकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

हात एकसारखे नसतात, हेही इथेच सांगायला हवं. इंग्लंडच्या गायिका-संगीतकार इमोजेन हीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले, हाताच्या हालचालींवर वाजणारे 'मीम्यू' मोजे क्रिस हॅल्पिन या ब्रिटिश संगीतकाराला मिळाले. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांना गिटार आणि कीबोर्ड वाजवणं कठीण होत चाललं होतं. गिटारची मान सगळ्यांसाठी सारखीच असते, हात तिच्याशी जुळवून घेतो. इथे मोजा हॅल्पिन यांच्या हाताच्या हालचालींशी जुळवून घेतो.

(दृश्य: ख्याल गाणाऱ्या गायिकेचा हात. आवाज बंद.)

आवाज बंद ठेवून पाहा. हात वर सरकतो, हवेत काहीतरी ओढून धरतो, सोडतो, समेवर येऊन मांडीवर टेकतो. हा हात तालमीत कुणी शिकवत नाही. गुरू सूर दुरुस्त करतात, बोटांची वळणं नाही. तरीही आपण मैफलीत बसतो तेव्हा कानांइतकंच डोळ्यांनीही ऐकत असतो.

मुंबईच्या आयआयटीतल्या प्रीती राव आणि इंग्लंडच्या डरहम विद्यापीठातले मार्टिन क्लेटन यांच्या गटानं या हाताला प्रश्न विचारला. गायकांच्या व्हिडिओवरून शरीराची ठेवण टिपणारं सॉफ्टवेअर वापरून त्यांनी हालचालींचे आकडे काढले. ३ गायक, ९ राग, १२ सेकंदांचे तुकडे. मग यंत्राला विचारलं, हा राग कोणता? त्यांचा निबंध २०२२ मध्ये बंगळुरूच्या इस्मिर या संगीत आणि संगणकाच्या परिषदेत आला. नुसत्या हातावरून राग ओळखणं यंत्राला फारसं जमलं नाही. नुसत्या आवाजावरून ते चांगलंच जमलं. पण आवाजाला हाताची जोड दिली, तेव्हा निकाल नुसत्या आवाजापेक्षाही वर जाऊ शकला. म्हणजे हातात थोडंसं असं काही होतं, जे त्या यंत्राला आवाजातून मिळालं नव्हतं.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होतो.

(दृश्य: हेडसेट घातलेली वादक. पडद्यावर तिला दिसणारं जग: अंधारात तरंगणारे गोल.)

आज हेडसेट, हातावरचा पट्टा आणि शिकवलेलं मॉडेल हे तिन्ही एका खोलीत एकत्र येतात. वादक एका गोलाला हात लावते, तो वाजतो. ती मान वळवते, आवाज मात्र आपल्या जागी राहतो आणि आता तिच्या पाठीमागून येतो. अशा रचनेत संगीतकार नेमकं काय लिहितो? आपल्याला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. आपल्याकडे बंदिश चार ओळींची असते आणि गाणं तासभर चालतं. कुठून चढायचं, कुठे थांबायचं, कुठला स्वर ओझरता लावायचा, एवढं राग सांगतो. बढत गायकाची. इथेही रचनाकार चलन ठरवतो. कुठल्या हालचालीला आवाजाचा कुठला प्रदेश उघडेल आणि कुठला बंद राहील, ते त्याच्या हातात. बढत वादकाच्या शरीराची.

अडचणी अजून आहेत. हात हलल्यापासून आवाज येईपर्यंत साधारण १० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जाऊ नये, असं वाद्य घडवणारे मानतात. त्याहून उशीर झाला की हाताचा आवाजावरचा विश्वास उडू लागतो. दुसरी अडचण स्पर्शाची. आभासी गोल हाताला लागत नाही. १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह तेर्मेन यांनी थेरेमिन केलं, तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. थेरेमिनला हात न लावता, त्याच्या दोन अँटेनांजवळ हात नेऊन ते वाजवतात. क्लारा रॉकमोर या थेरेमिनवादक बाईंनी त्यावर सूर धरण्यासाठी हवेतल्या बोटांची स्वतंत्र पद्धत बसवली. धरायला काहीच नसताना नेमका सूर लावायचा, म्हणजे आयुष्यभराचा रियाज.

(दृश्य: धातूचं कडं, त्यावर ताणलेल्या तीन बारीक स्प्रिंगा.)

आणि सोनामी? रबरी मोज्यांनंतर त्यांनी जाळीदार, काळा, तलम मोजा घडवून घेतला. त्याच्या एकामागून एक आवृत्त्या झाल्या आणि वीसहून अधिक वर्षं त्या मोज्यानं त्यांनी जगभर वाजवलं. नंतर त्यांनी नवं वाद्य केलं, 'स्प्रिंग स्पायर'. ते हे. या तीन स्प्रिंगांना थरथर टिपणारे पिकअप जोडलेले आहेत. स्प्रिंगांचा स्वतःचा आवाज श्रोत्यांना ऐकू येत नाही. तो संगणकात जातो, वेकिनेटरमध्ये शिकवलेल्या नेटवर्ककडे, आणि तिथून ठरतं की दुसरा, संगणकातला आवाज कसा हलेल.

सोनामींचं बोट एका स्प्रिंगला लागतं. ती थरथरू लागते. बोट बाजूला होतं, तरी ती थरथरतच राहते. सोनामी कान देऊन थांबतात.

(स्प्रिंग स्थिर होईपर्यंत दृश्य तसंच. मग काळा पडदा.)