बेळगावचा लोखंडी नांगर

(दृश्य: बेळगावचा बाजार, किर्लोस्कर रोडवरची गर्दी)

किर्लोस्कर रोडवर सकाळी अकरानंतर दुचाकी घालायची म्हणजे कसरतच. इथं रोज खरेदीला येणाऱ्या कितीतरी जणांना किर्लोस्कर म्हणजे पुण्याकडची मोठी कंपनी, एवढंच ठाऊक असतं. त्या कंपनीचा पहिला घाम गळला तो याच गावात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना रंगांतले फरक नीट कळेनात. ब्रश सुटला, यांत्रिक आरेखन मात्र हातात बसलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. इकडं बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर १८८८ साली सायकलींचं दुकान निघालं होतं.

बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

(दृश्य: गोठा, दावणीपुढं पडलेला कडबा)

ही हकीकत स्वाभिमानाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. आम्हाला मात्र त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईत हुकलेली खुर्ची भरून काढायला त्यांनी बेळगावात दुसरी खुर्ची शोधली नाही. ते शेतकऱ्याच्या गोठ्यात डोकावले. जनावरापुढं अख्खा कडबा टाकला की ते पाला खातं आणि जाड बुडखे तुडवून टाकतं. बारीक कापून घातला तर काडी वाया जात नाही. म्हणून आधी कडबा कापायचं यंत्र झालं, मग नांगर.

लाकडी नांगर माती उकरतो, पण उलथत नाही. वरून रान नांगरलेलं दिसतं आणि खाली हराळीच्या मुळ्या जशाच्या तशा राहतात. लोखंडी फाळ खोल जातो, ढेकूळ पालथं पाडतो, मुळ्या उन्हात येऊन वाळतात. आज हे कुणालाही पटेल. तेव्हा लोक म्हणायचे, लोखंडानं जमीन नासते, विषारी होते. तयार झालेले नांगर गिऱ्हाइकाविना पडून राहिले.

या पडून राहिलेल्या नांगरांपाशी आम्ही मुद्दाम थांबतोय. हार नाही, सत्कार नाही, विक्रीही नाही. नाव कमवायला निघालेला माणूस अशा वेळी टिकत नाही, कारण त्याला हवं असतं ते मिळत नसतं. लक्ष्मणरावांना जमीन खोल नांगरली जायला हवी होती. त्यामुळं ते थांबले आणि पुन्हा कामाला लागले.

पुढं शहर वाढवायला कारखान्याची जागा हवी म्हणून नगरपालिकेनं ती सोडायला लावली. औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बेळगावच्या हातून काय गेलं, हे आजही बोचतं.

(दृश्य: चौकातले बॅनर, मग उद्यमबाग)

आज गल्लोगल्ली वाढदिवसाचे बॅनर लागतात. खाली वीस-पंचवीस फोटो, वर ‘भावी नगरसेवक’. त्या पोरांचा राग येत नाही, वाईट वाटतं. बॅनरवर फोटो वर की खाली, यावरून मैत्र्या तुटतात. एवढी ईर्ष्या, एवढी धावपळ, आणि ती इतक्या छोट्या जागेसाठी!

त्यांच्याच वयाचा एक टर्नर खानापूर रोडवरच्या उद्यमबागेत, म्हणजे आपल्या औद्योगिक वसाहतीत, लेथवर म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर उभा असतो. जॉब म्हणजे कातलेला सुटा भाग काढतो, मोजायला मायक्रोमीटर लावतो, शतांश मिलिमीटर जास्त भरला तर पुन्हा कट घेतो. घरी आई म्हणते, “कायमची नोकरी लागली की सुटलो बघ.” तिचं चुकत नाही, पोट आधी. पण असा हात असलेल्या पोरानं जन्मभर दुसऱ्याच्याच ड्रॉइंगवर काम करावं, हे आम्हाला मान्य नाही.

(दृश्य: बेळगुंदीचं शिवार, रताळ्याची काढणी)

तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी उत्तर भारतापर्यंत जातात. काढताना घाव बसला की रताळं तुटतं, आणि तुटलेल्याला भाव नाही. बायका दिवसभर वाकून माती चाळतात. या शिवारातून उद्यमबाग दुचाकीच्या टप्प्यात आहे. तिथं लेथ आहेत, ओतकामाची फौंड्री आहे, तयार हात आहेत. रताळ्याच्या सरीत कंद न कापता चालेल असा फाळ कुणीतरी काढायला घ्यावा. पहिले दोन-चार विकले गेले नाहीत, तर पाचवा करावा.