चारच्या आत

(दृश्य : दुपारचा दसरा चौक. ऊन. सिग्नलला थांबलेल्या गाड्या झाडाच्या सावलीपुरत्या, मागं मागं.)

एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात कुणालाही काम सांगा, आधी विचारतील, "चारच्या आत उरकंल काय?" सकाळी आभाळ स्वच्छ असतं. अकराला डांबर तापतं, दोनला घामानं जीव नकोसा होतो आणि तीनच्या सुमारास कुठंतरी एक ढग उभा राहतो. मग वळीव. रोज येतोच असं नाही, पण आज येणार नाही असं छातीठोक सांगणारा माणूस या गावात भेटायचा नाही.

ही गोष्ट एका प्राध्यापिकेची. नाव घालू नका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. कॉलेजात सगळे 'मॅडम' म्हणतात, आपणही तेच म्हणू. विषय भूगोल. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास आहेत, पीएचडी आहे, नोकरी मात्र सीएचबीवर. म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, आणि तेही बिल मंजूर होऊन हातात पडतील तेव्हा. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. जूनच्या पुढं नव्यानं जाहिरात, नव्यानं मुलाखत. नाव नको म्हणण्याचं कारण तेच.

"तुमचं काय बाबा, मे महिनाभर सुट्टी!" हे वाक्य त्यांना मंडईत ऐकावं लागतं, लग्नाच्या पंगतीत ऐकावं लागतं. मॅडम हसून जिलेबी वाढून घेतात. लग्नात कुठं भांडण काढायचं?

(दृश्य : कॉलेजचं ऑफिस. झेरॉक्स मशिनभोवती गर्दी.)

उन्हाळी सत्राच्या परीक्षा चालू आहेत. दुपारचा पेपर अडीच ते पाच, म्हणजे ऐन वळवाच्या मुहूर्तावर. प्रश्नपत्रिकांचे छापील गठ्ठे आता येत नाहीत. पेपरच्या थोडं आधी विद्यापीठाकडून त्या ऑनलाइन येतात आणि प्रती कॉलेजातच काढायच्या. तेवढ्यात लाईट गेली तर इन्व्हर्टर. इन्व्हर्टर बसला तर जनरेटर. आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हे ठाऊक असलेले एकमेव गृहस्थ म्हणजे शिपाई मामा. त्या वीस मिनिटांत प्राचार्यांपेक्षा मामांचा मान मोठा. आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हा कॅमेऱ्याची वायर त्यांच्या वाटेत आली, तर आम्हाला सरळ व्हरांड्यात काढलं. बरोबरच होतं त्यांचं.

मॅडमची ड्युटी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. छत पत्र्याचं.

तीन चाळीस. अंधारून आलं. पहिल्यांदा वारा येतो, पाऊस नंतर. खिडकीची एक झडप सुटली आणि धाडकन आपटली. पोरं डाव्या कोपरानं उत्तरपत्रिका दाबून धरतात आणि उजव्या हातानं लिहीत राहतात, डावखुऱ्यांचं उलटं. एका मुलाची पुरवणी उडाली ती थेट व्हरांड्यात. तो उठायला लागला, तसं मॅडमनी हातानंच 'बस' म्हटलं आणि स्वतः धावल्या. परीक्षार्थीनं जागा सोडून असं बाहेर जायचं नसतं. पुरवणी मिळाली, पण वरच्या तीन ओळींची शाई पसरली होती. मॅडमनी रुमालानं कागद टिपला, कडेला सही केली, वेळ घातली आणि आपल्या रिपोर्टात तशी नोंद केली. मुलगा पुन्हा त्याच तीन ओळी लिहायला लागला.

मग गारा. पत्र्यावर गारा पडायला लागल्या की सूचना देऊन उपयोग नाही, समोरच्याला ओठ हललेले दिसतात एवढंच. मॅडम फळ्यापाशी गेल्या आणि खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'अजून १ तास'. थोड्या वेळानं पुसून 'अजून ४५ मिनिटे'. पेपर पाचला संपतो. आभाळ फाटलं तरी पाचलाच.

(दृश्य : स्टाफरूम. खिडकीच्या चौकटीवर वितळणारी गार.)

पेपर संपल्यावर आम्ही विचारलं, हा वळीव येतो कुठून? मॅडमचा चेहरा खुलला. तासाचे पैसे मिळणार नव्हते, तरी तास झालाच.

उन्हाळ्यात विदर्भ, मराठवाड्यापासून खाली कर्नाटकाच्या आतल्या भागापर्यंत बऱ्याचदा हवेच्या कमी दाबाचा लांबट पट्टा तयार होतो. हवामान खातं त्याला द्रोणी म्हणतं. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्हीकडची दमट हवा तिथं ओढली जाते. खाली जमीन तापलेली, त्यामुळं ती हवा झपाट्यानं वर चढते. दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग तासा-दोन तासांत उभा राहतो. आतले पाण्याचे थेंब वर गोठतात, वाऱ्याबरोबर खालीवर होताना त्यांच्यावर बर्फ चढत जातो, आणि वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. एखादी मोठी गार फोडून बघा, कांद्यासारखे थर दिसतील. पाऊस पडायच्या आधी धूळ घेऊन येणारा जो गार वारा असतो, तो म्हणजे त्याच ढगातून कोसळलेली थंड हवा. जमिनीवर आपटते आणि चहूकडं पसरते.

"आमच्या झडपा मोडणारा तोच," मॅडम म्हणाल्या.

विजेबद्दल मात्र त्या हसत नाहीत. वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची, वळवाच्या वेळी आईबाप रानात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर रानात थांबायचं नाही, आणि झाडाखाली तर मुळीच नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप त्या वर्गातच सगळ्यांच्या फोनमध्ये घालून घेतात. हजेरी नंतर.

(दृश्य : गच्ची. प्लास्टिकच्या कागदावर लाल मिरची.)

घरी वेगळीच परीक्षा. वर्षाची चटणी याच दिवसांत करायची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मिरची कडकडीत वाळली पाहिजे, मगच डंकावर कांडायला न्यायची. ओल राहिली तर श्रावणात बुरशी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. आणि पर्यवेक्षकाचा मोबाईल परीक्षेच्या वेळी ऑफिसात जमा. त्या दिवशी मॅडमनी फोन परत घेतला तेव्हा सासूबाईंचे चार मिस्ड कॉल पडले होते. मिरची शेजारच्या वहिनींनी उचलली होती, अर्धी त्यांच्या घरात, अर्धी आपल्या. दोन घरांची मिरची एकत्र झाली ती झालीच. यंदा दोन्हीकडं एकच चव.

परीक्षा संपली की कॅप, म्हणजे उत्तरपत्रिका एका ठिकाणी बसून तपासायचं काम. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, पसारा कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचा. पेपर तपासायचे, मागं कमरेला उशी, समोर थर्मास. एवढं पुरे.

(दृश्य : राधानगरीकडचा रस्ता. दुतर्फा भिजलेलं लाल रान.)

बारावीचा निकाल लागला की प्रवेशासाठी गावोगाव हिंडायचं. हाही सुट्टीचाच भाग. हातात माहितीपत्रकं आणि गाडीच्या डिकीत रेनकोट. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या पट्ट्यात हे दिवस भाताच्या धूळवाफ पेरणीचे. वळवानं रान भिजावं, मशागत व्हावी, वाफसा यावा, आणि मान्सूनच्या आधी बी कोरड्या मातीत पडावं, असा हिशेब. २०२५ साली तो चुकला. एरवी मान्सून केरळात १ जूनच्या आसपास येतो. त्या वर्षी २४ मेलाच आला आणि २६ मेला मुंबईत. वळीव कुठं संपला आणि मान्सून कुठं सुरू झाला, कळलंच नाही. रानाला सुकायला उसंत मिळेना.

अशाच एका बांधावर मॅडम एका मुलीच्या वडिलांशी बोलत उभ्या होत्या. पाय चिखलात, माहितीपत्रक कोरडं राहावं म्हणून पदराखाली.

"भूगोल घिऊन पुढं काय मिळतंय, मॅडम?"

मॅडमनी जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडायचं तंत्र, सांगितलं, उपग्रहावरून नकाशे कसे करतात ते सांगितलं, स्पर्धा परीक्षा सांगितल्या. प्राध्यापकीचं नाव काढलं नाही. ते पोरीनंच काढलं. "तुमच्यासारखं व्हायला काय लागतंय?"

"नेट किंवा सेट," मॅडम म्हणाल्या, "आणि घरात दुसरं कुणीतरी पगारवालं."

वडील मोठ्यानं हसले. पोरगी हसली नाही. तिनं फॉर्म मागून घेतला आणि विषयाच्या रकान्यात भूगोल लिहिलं.