सेकंद म्हणजे ‘दुसरा’, मग पहिला कोण?

(घड्याळाची तबकडी, अगदी जवळून. सर्वांत बारीक काटा पुढे सरकतो.)

हा सेकंद काटा. आता जरा ‘सेकंड शिफ्ट’, ‘सेकंडहँड गाडी’ हे शब्द उच्चारून बघा. मराठीत आपण दोन शब्द केलेत. वेळेसाठी सेकंद, क्रमासाठी सेकंड. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द एकच, आणि वेळेच्या सेकंदाचा मूळ अर्थही ‘दुसरा’ असाच आहे.

मग पहिला कोण? मिनिट.

साठाने भागायची रीत बॅबिलोनियन लोकांची. पुढे मध्ययुगात लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या विद्वानांनी तासाचे साठ भाग केले. त्यातल्या एकाला ते म्हणत ‘पार्स मिनुटा प्रिमा’, म्हणजे पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले की ‘पार्स मिनुटा सेकुंडा’, दुसरा बारीक भाग. रोजच्या बोलण्यात एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार? ती झिजली. एकाकडे नुसतं ‘बारीक’ उरलं, ते मिनिट. दुसऱ्याकडे नुसतं ‘दुसरा’. काळाशी नातं सांगणारं दोन्ही नावांत काहीच नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

(नकाशाचा कोपरा. आकड्यांच्या डोक्यावर तिरक्या रेघा.)

कोनाच्या अंशाचीही हीच वाटणी. अक्षांश-रेखांश लिहिताना मिनिटाच्या आकड्यावर एक रेघ, सेकंदाच्या आकड्यावर दोन. पहिली भागणी, दुसरी भागणी. तिसरीही होती. पोलिश भाषेत सेकंदाच्या साठाव्या भागाला आजही नाव आहे ‘तेर्त्सिया’, म्हणजे तिसरी. आपल्या घटका, पळं, विपळंही साठा-साठानेच उतरतात.

‘एक सेकंद हं,’ म्हणून आत गेलेल्या माणसाची आपण पाच मिनिटं वाट बघतो आणि रागावत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांचं ‘जस्ट अ सेकंड’ही तितकंच सैल असतं.

विज्ञानाला ही मोकळीक नाही. दिवसाचा ८६,४०० वा भाग म्हणजे सेकंद, ही जुनी व्याख्या पुरेना, कारण पृथ्वीची गिरकी एकसारख्या वेगाची नसते. १९६७ साली सेकंदाची गाठ सिझियम या धातूच्या अणूशी बांधली गेली. त्याच्या एका ठरावीक प्रारणाची, म्हणजे अणूतून निघणाऱ्या लहरींची, ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनं झाली की एक सेकंद. आता मोजणी या बाजूने सुरू होते. असे साठ जमले की मिनिट.